पाचव्या घरचा जोगवा

दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो आणि दोन्ही वेळा महिन्याच्या आत परत प्यायला लागलो. इलाजात खोट नव्हती. पहिल्यांदा मेहुण्यानं गाडीत घालून नेलं, दुसऱ्यांदा बायकोच्या रडण्याला कंटाळून गेलो. आष्टीत मात्र सगळ्यांना सांगितलं की मणक्याच्या उपचाराला गेलो होतो. पाटलाच्या घरातला माणूस दारू सोडायला जातो, हे गावानं का ऐकावं? मग परतल्यावर मित्रांनी ग्लास पुढे केला तेव्हा नको म्हणायला माझ्याकडे कारणच नव्हतं. मणक्याला दारू चालते.

शेवटी बायकोनं शांतपणे सांगून टाकलं, की नवरात्रात पिंपळगावच्या रेणुकाईला पाच घरं जोगवा मागायचा बोललेला नवस तेवढा फेडते आणि लेकीला घेऊन कायमची माहेरी जाते. तिचे इतके उपास वाया गेलेले पाहून देवीवरचा माझा विश्वास केव्हाच उडाला होता. तरी सोबत गेलो. देवळाच्या पायरीवर उपासानं तिला चक्कर आली. तिनं परडी माझ्या हातात दिली. "माझ्यानं होत न्हाई. तुम्हीच मागा."

परक्या गावात, लोकांच्या दारात, हात पसरून मी! लाजेनं जीव अर्धा झाला. चार घरी बायांनी कारण विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणालो, घरात आजारपण आहे. त्या बायांनी पीठ घातलं. पाचव्या दारात एक म्हातारी होती. ज्वारीच्या पिठाची वाटी तिनं हातातच धरून ठेवली.

"आजारी कोण हाये, बापू?"

बायकोचं नाव अगदी ओठावर आलं होतं. ते मागं कसं फिरलं, मला आजही सांगता येत नाही.

"मीच हाये, आजी. दारू सुटंना."

तिनं वाटी परडीत रिती केली. "माझा लेक याच्यातच गेला. पर हे त्याच्या तोंडून कधी निघलं न्हाई. तुझं निघलं. जाय, जल्दी इलाजाला लाग."

त्या गल्लीतच मी ढसाढसा रडलो. परत येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बघू."

दुसऱ्याच दिवशी एकटा जालन्याला जाऊन केंद्रात दाखल झालो. कोणी आणलं, असं तिथल्या बाईंनी विचारलं. माझा मीच आलो, म्हणालो, आणि ते म्हणताना ऊर भरून आला. या वेळी गोळ्या चुकवल्या नाहीत, बोलताना लपवाछपवी केली नाही. तलफ आली की बायकोला फोन करायचो. तीन महिन्यांनी ती लेकीला घेऊन माहेरून घरी आली, आणि त्या दिवशी मी अंगण स्वतः झाडलं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. देवीनं चमत्कार केला का, यावर मी वाद घालत नाही. डॉक्टर होते, बायको होती. पण माझा ताठा माझ्याच्यानं कधी उतरला नसता, तो देवीनं उतरवून घेतला. तिचे उपकार मी रोज आठवतो.

परवा पुतण्याच्या हळदीत जुन्या मित्रानं ग्लास पुढे केला. मी चारचौघांत मोठ्यानं सांगितलं, "मी दारुडा हाये. इलाज घेऊन राह्यलो. मला पाजू नका." मित्रानं ग्लास खाली ठेवला, जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "मला बी घेऊन चल."