हद्दीच्या दगडापाशी डोली

मी तापट माणूस. गावच्या भजनी मंडळाचा कारभार माझ्याकडं होता, म्हणून डोलीचा नेमही मीच ठरवला.

आजाऱ्याला जंगलातून कॅसलरॉकच्या गाडीपर्यंत पोचवायला आमचं मंडळ, पलीकडच्या गावची तालीम आणि स्टेशनावरचे व्यापारी, अशा तिघांनी मिळून ती डोली केली होती. पण पहिल्याच साली आमच्या गड्यांनी दोनदा ती थेट स्टेशनापर्यंत नेली, तालीमवाले घरी बसून राहिले. माझं डोकं फिरलं. बैठकीत मी लिहूनच घेतलं की प्रत्येकानं आपल्या हद्दीच्या दगडापर्यंतच न्यायचं. कुणी एक पाऊल पुढं टाकलं तर करार मोडला, पुढच्या आजाऱ्याला दुसरं गाव हात लावणार नाही. सगळ्यांना सारखं ओझं. मला वाटलं, काय झकास न्याय केला मी.

दोन-तीन सालांनी मीच ओढ्यात घसरलो. नडगीचं हाड कातडं फाडून बाहेर आलं. वैदू म्हणाला, आजच्या गाडीनं बेळगाव गाठा, नाहीतर पाय जाईल. आमच्या चौघांनी मला डोलीत बांधलं आणि हद्दीच्या दगडापाशी आणून ठेवलं. पलीकडं कुणीच नव्हतं. तालमीची माणसं लाकडं ओढायला रानात गेलेली. निरोप्या त्यांना हुडकत फिरत होता.

हातांसकट मला पट्ट्यांनी आवळलेलं. मान वळवली की दगड दिसे, सरळ बघितलं की बांबू. आधी मी शिव्या घातल्या, मग हुकूम सोडला, मग गयावया केली.

“उचला की रे. दोन कोस तर जायचं हाय.”

पुढल्या बांबूला खांदा लावून आलेला म्हातारा तंबाखू मळत बसला होता. “न्हेलं असतं, अण्णा. पर उद्या आणि कोण आजारी पडलं तर त्याला कोण उचलंल? तुम्हीच लिवलंय न्हवं?”

“माझा पाय जाईल, बाबा.”

“व्हय. आमची सून बी हितंच पडून हुती, वरसामागं. पोर अडलं हुतं. मी तुमच्याकडं पळत आलो, आठवतंय? तुम्ही म्हणालात, नेम सगळ्यांना सारखा.”

आठवत होतं. मी जेवत होतो, पानावरून उठलोही नव्हतो. पोर वाचलं नाही हे नंतर कळलं, वाईटही वाटलं, पण नेम काही मी बदलला नाही.

दुपारी कॅसलरॉककडून गाडीची शिट्टी आली तेव्हा मला रडू फुटलं, आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

पाय गुडघ्याखाली कापला. कुबडी घेऊन पहिल्याच बैठकीला गेलो आणि नेम रद्द करा म्हणालो. सगळे लगेच हो म्हणाले, एकानंही अडवलं नाही. म्हातारा दाराशी बसला होता. मी बाहेर पडताना तो उठला.

“बरं केलंत, अण्णा,” तो म्हणाला. “सुनेला काय सांगू?”