डाग गेल्यानंतरचे पंधरा दिवस

आमच्या कबड्डीच्या संघात एक नियम होता. जिंकत असताना जर्सी धुवायची नाही. कधीतरी कुणीतरी हौसेने धुतलेल्या आणि पुढचीच मॅच हरलेलो, म्हणे. तेव्हापासून मॅच संपली की घामाने चिंब झालेल्या सगळ्या जर्सी व्यायामशाळेतल्या पत्र्याच्या ट्रंकेत जायच्या आणि पुढच्या रविवारीच बाहेर निघायच्या. ऐंशीच्या दशकातलं ते वर्ष तर असलं भारी होतं की आम्ही सलग जिंकतच सुटलेलो. ठाणे, कळवा, भिवंडी, कुठेही जा. ट्रंक उघडली की जो वास यायचा, त्याचासुद्धा आम्हाला अभिमान होता, शप्पथ!

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. राहायला कोपरीत, खेळायला डाव्या कोपऱ्यात. माझी कमरेची पकड म्हणजे एकदा बसली की सुटणं नाही. जिल्ह्याच्या संघाची निवड दिवाळीनंतर होती आणि मला त्या संघात जायचंच होतं. जायचंच म्हणजे जायचंच. घरी लग्नाचं बघायला सुरुवात झालेली, म्हणजे ही माझी पहिली आणि शेवटची संधी.

आणि नेमका तेव्हाच खांद्यावर तो लाल गोल उमटला, जर्सीचा गळा घासतो तिथे. कडा उठलेल्या, मधे बरा दिसणारा, आणि खाज अशी की भर कवायतीत हात तिकडेच जायचा. आई म्हणाली, "उष्णता आहे, सब्जा पी." शेजारच्या काकींनी टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात वाटून चोळलं. बाबा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. त्यांनी तिथल्या कुणाचं तरी ऐकून बाटलीतून कसलंसं तेल आणलं. ते लावलं आणि मी घरभर नाचले. कातडी भाजून निघाली, गोल मात्र एकाचे तीन झाले.

आमच्या ट्रेनर ताई एका शाळेत पीटी शिकवायच्या. त्यांच्या नजरेतून काय सुटणार! एका संध्याकाळी त्यांनी जर्सीचा गळा बोटाने बाजूला केला आणि म्हणाल्या, "गजकर्ण आहे हे. बरं होईपर्यंत मैदानाबाहेर बसायचं. कुणाला हात लावायचा नाही."

कबड्डीत हात लावायचा नाही, मग करायचं काय, रांगोळी? मी तोंडावर बोलले नाही, पण घरी येऊन आईवर ओरडले. बिचारीचा काय दोष.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी खांदा बघितला आणि एक छोटी ट्यूब लिहून दिली. "रोज सकाळ-संध्याकाळ. आधी धुवायचं, मग कोरडं करायचं, अगदी कोरडं. गोलाच्या बाहेर बोटभर जागेलाही लावायचं. टॉवेल स्वतःचा वेगळा. आणि नीट ऐक, डाग गेला तरी थांबायचं नाही. पुढे पंधरा दिवस लावायचं."

"डाग गेल्यावर कशाला?"

"दिसत नाही म्हणजे गेलं असं नसतं, बाळा."

वेगळ्या टॉवेलवरून घरात महाभारत झालं. आम्ही पाच माणसं आणि पंचे दोन. आई म्हणाली, "वेगळा टॉवेल कशाला? पाहुणी आहेस का तू?" मी ऐकलं नाही. एक जुना टॉवेल घेतला, त्याच्या टोकाला गाठ मारली आणि खिळ्याला टांगला. गाठीच्या टॉवेलला कुणी हात लावला की मी असलं बघायचे की बाबासुद्धा दचकायचे.

बाराव्या दिवशी खांदा साफ झाला. आणि मी काय केलं? थांबले. पंधरा दिवस कुणाला धीर निघतो! ताईंना खांदा दाखवला, रविवारी सात नंबरची जर्सी अंगात घातली आणि मॅच जिंकून आले. पुढच्या आठवड्यात गोल परत हजर. खांद्यावर, मानेवर, एक तर पार छातीवर. आणखी दोघींच्या दंडांवरही तसलेच. ताईंनी तिघींना बाहेर बसवलं. फायनल तोंडावर होती.

मी रडले. रागाने रडले. डॉक्टरीणबाईंनी मलम मधेच बंद केल्याबद्दल आधी मला झापलं आणि मग सहज विचारलं, "खेळताना घालतेस काय?"

"जर्सी."

"धुतेस कधी?"

हरल्यावर, असं कुठल्या तोंडाने सांगणार? पण सांगितलं, ट्रंकेसकट. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि इतकंच म्हणाल्या, "मग मी ट्यूब ट्रंकेला लिहून देऊ का?"

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, तसं चाललेलं माझं.

तडक कॅप्टनकडे गेले. ती आमची मुख्य चढाई करणारी, माझी जिवाभावाची मैत्रीण, दोन गल्ल्या सोडून राहायची. म्हटलं, "जर्सी धुवायच्या. आजच."

"वेड लागलंय का तुला? चार दिवसांवर फायनल आहे."

"अगं, सगळ्यांना होईल."

"होऊ दे. फायनलनंतर बघू." बोलता बोलता तिचा हात मागे कमरेवर गेला आणि तिथेच राहिला. मी तो हात ओळखला. गेले दोन महिने माझा हात तसाच खांद्यावर जात होता. मग आठवलं, सरावात हल्ली ती कमरेला हात लावूच देत नव्हती. मी पकडायला गेले की "आज नको गं, पोटात दुखतंय." मी तिला मागे वळवलं आणि ब्लाऊज वर केला. निकरच्या इलॅस्टिकपासून पाठीच्या मध्यापर्यंत गोलच गोल, खाजवून रक्त निघालेलं.

"कुणाला सांगितलंस तर तुझी माझी दोस्ती संपली," ती म्हणाली. "ताई मला बसवतील. मग फायनल कोण खेळणार?" झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिचं गणित.

मी सांगितलं नाही. आजही वाटतं, सांगायला हवं होतं. पण गप्पही बसले नाही. व्यायामशाळेची चावी शेजारच्या पानवाल्याकडे असायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रंक उचलून घरी आणली, चाळीच्या अंगणात स्टोव्हवर मोठं पातेलं चढवलं, सोडा टाकला आणि सगळ्या जर्सी खळाखळा उकळल्या. लाल रंग सुटला, पांढरे नंबर गुलाबी झाले. मग रिकामी ट्रंक घासून उन्हात पालथी घातली. काकी म्हणाल्या, "अगं, कुणाचं बारसं आहे का?"

फायनल डोंबिवलीला होती, मानपाड्याच्या बाजूला. मी बाहेर बसून बघितली. आम्ही हरलो. सहा गुणांनी.

मग काय! धुतल्या म्हणून हरलो. परतीच्या वाटेत एकीनेही माझ्याशी शब्द काढला नाही. कॅप्टन तर म्हणाली, "मिळालं समाधान?" संघातल्या तीन पकडपटू बाहेर बसलेल्या म्हणून हरलो, हे कुणाच्या डोक्यात येईना. मी पण ठरवलं, खड्ड्यात जा सगळ्या. मलम लावायचं, सोडायचं नाही आणि निवडीला एकटी जायचं.

दोन दिवसांनी सकाळी सातला दार वाजलं. कॅप्टन उभी. डोळे सुजलेले. "रात्रभर झोपले नाही," म्हणाली. "घरी सांगितलं तर माझं जमलेलं लग्न मोडेल म्हणून आई डोकं आपटेल. कसलं मलम आहे ते?"

"आधी ताईंना सांग. नाहीतर मी सांगते."

"सांगून आलेय."

तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डाग पाठीवर, तिचा हात पुरेना. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ती माझ्याकडे यायची, आतल्या खोलीत पाठ करून बसायची. मी पुसायचे, वारा घालायचे, कोरडं झालं की मलम लावायचे, बोटभर बाहेरपर्यंत, आणि मग साबणाने हात धुवायचे. तिच्यासाठी वेगळा टॉवेल होता, दोन गाठींचा. एकदा ती म्हणाली, "आज राहू दे, कंटाळा आलाय." मी म्हटलं, "बस खाली!" बसली. अंगाला हात न लावता आम्ही दोघी मैदानाच्या कडेला नुसते पाय हलवायचो, ती चढाईचे, मी पकडीचे. बाकीच्या हसायच्या. पण हळूहळू त्यातल्याही एकेक येऊन हळूच विचारून गेल्या, "ते मलम कुठलं गं?"

तीन आठवड्यांत तिची पाठ स्वच्छ झाली. माझा खांदा त्याआधीच. ताईंनी दोघींना मैदानात घेतलं. डाग गेल्यानंतरचे पंधरा दिवस मी कॅलेंडरवर फुल्या मारत मोजत होते, तिचेही आणि माझेही.

निवडीच्या दिवशी आम्हाला समोरासमोरच्या संघांत टाकलं. ती दम घेऊन आली, माझ्या कोपऱ्यात शिरली, वळली, आणि मी कमरेला मिठी घातली. ती सुटली नाही. पुन्हा आली, पुन्हा धरलं. तिसऱ्यांदा मनात आलं, सोडावी का? एकदा तरी? त्या कमरेचा इंच न् इंच मला पाठ होता. पण मला त्या संघात जायचं होतं. मी धरलं.

संध्याकाळी नावं वाचली. माझं होतं, तिचं नव्हतं.

ती कुणाशीही न बोलता निघून गेली. मी हाक मारली, तिने मागे बघितलं नाही. घरी आईने पेढे वाटले, काकींनी गालगुच्चा घेतला, आणि मी माझा पेढा परत डब्यात ठेवला. ज्या पाठीला मी महिनाभर औषध लावलं, तिलाच धरून पाडलं होतं. तिची माझी दोस्ती आता संपली, हे मी धरूनच चालले.

सकाळी सातला दार वाजलं.

ती आत आली. चेहरा फुगलेला, माझ्याकडे बघायला तयार नाही. नेहमीच्या जागी पाठ करून बसली, खिळ्यावरचा दोन गाठींचा टॉवेल काढून मागे माझ्या हातात दिला.

"काय बघतेस?" म्हणाली. "लाव. अजून चार दिवस राहिलेत."