जिन्याखालचं टेबल

लोक म्हणतात, हा म्हातारा भेटला की किस्सा सांगतो. अरे, मी काय गोळा करायला जातो का? आमच्या सोसायटीत रोज एक नवीन होतो. पर्यावरण वाचवायची कमिटी झाल्यापासून तर दिवसाला दोन!

मी सातवी नापास. मूळचा भुसावळचा. लखनौच्या अमौसी विमानतळावर पंखे, कूलर, ट्यूबलाइटी दुरुस्त करण्यात जन्म गेला. आता लखनौलाच, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत, मुलाच्या फ्लॅटवर असतो. रिटायर झालो आणि सहा महिने नुसता खिडकीत बसून राहिलो. कोणी बोलायला नाही, हाताला काम नाही. मग एक दिवस जिन्याखाली जुनं लाकडी टेबल टाकलं. ज्याचं जे बिघडेल ते आणायचं, चहा पाजायचा, चालू करून न्यायचं. त्या टेबलाने मला परत माणसात आणलं. हे टेबल ध्यानात ठेवा, सगळी भानगड त्याचीच आहे.

*

तिसऱ्या मजल्यावरचे पांडेजी मिक्सर घेऊन आले. "अंकल, ये तो गया. पार्ट निकाल लीजिए."

मी मिक्सर उलटा केला. बुडाला एक लाल बटण असतं. जास्त लोड आला की ते बाहेर येतं आणि मशीन बंद पडतं. बटण दाबलं. घर्रर्र! मिक्सर सुरू!

माणसाला आनंद व्हायला पाहिजे की नाही? पांडेजींचं तोंडच पडलं.

"अरे यार अंकल, ये क्या कर दिया! नया तो कल आ गया!"

"तो वापस भेज दो."

"कैसे भेजूँ? मिसेज़ को कलर पसंद आ गया."

*

मग कमिटीने फर्मान काढलं, प्लास्टिकच्या पिशव्या बंद! चांगली गोष्ट. आमची सुमन, म्हणजे मंडळी, म्हणाली, "घरोघरच्या जुन्या चादरी द्या, मी पिशव्या शिवून देते." मशीन होतंच घरात, मीच नीट केलेलं.

सेक्रेटरी श्रीवास्तवजींनी हात जोडले. "आंटी, भावना बहुत अच्छी है. मगर चादर पर लोगो नहीं आएगा."

पिशव्या आल्या ऑनलाइन. हिरव्यागार. त्यावर छापलेलं, 'धरती बचाओ'. आणि एकेक पिशवी वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात!

सुमनने विचारलं, "ये पाकिट कहाँ डालूँ?"

"इसी थैले में भर लीजिए ना आंटी. इसी काम के लिए तो दिया है!"

*

सरकारने पाठवले चार रंगांचे डबे. साली एकात, बाटल्या दुसऱ्यात, औषधांचं तिसऱ्यात, चौथ्यात काय ते मला अजून कळलेलं नाही. रोज सकाळी मी चष्मा लावून कचरा निवडतो. ह्या वयात! गाणं वाजवत गाडी येते आणि चारही डबे एकाच हौद्यात पालथे!

एकदा मी गाडीसमोर उभाच राहिलो. "भैया, हम अलग करते हैं, तुम मिला देते हो? ये क्या तमाशा है?"

"तो मैं क्या करूँ चाचा? डिब्बे चार भेजे हैं, गाड़ी एक ही भेजी है."

त्या गरिबावर काय चिडायचं? ज्याच्यावर चिडायचं तो कधी गाडीबरोबर येत नाही!

*

आता टेबलाचं ऐका. सरकारने हरित सोसायटीची स्पर्धा काढली. साहेब येणार, फॉर्म भरणार, नंबर देणार. श्रीवास्तवजींच्या अंगात आलं. इलेक्ट्रिकचा कचरा टाकायला त्यांनी माणसाएवढा उंच डबा मागवला. झाकण उघडून काही टाकलं की आतली बाई बोलते, "धन्यवाद! आपने धरती को बचाया!"

डबा जिन्याखालीच ठेवायचा होता. "अंकल, इंस्पेक्शन से पहले आपका टेबल हटाना पड़ेगा. कबाड़ लगता है."

"कबाड़ आप लोग लाते हो. मैं तो चालू करके देता हूँ!"

"वही तो अंकल. अब उसकी ज़रूरत नहीं, डिब्बा आ गया है ना."

रात्रंदिवस बँकेत राबणारा माझा मुलगा म्हणतो, "बाबा, छोडो ना. घरी आराम करा." आराम! म्हणजे परत ती खिडकी!

*

डब्यात पहिल्याच दिवशी एक इस्त्री पडली. मी काढून बघितली. नुसती वायर तुटलेली, बाकी ठणठणीत. वायर जोडली आणि गेटवरच्या रामसेवकला देऊन टाकली. वॉचमनच्या युनिफॉर्मला घडी पडली, बिचारा खूश!

दुसऱ्या दिवशी श्रीवास्तवजी मोबाइल घेऊन हजर. जिन्यातल्या कॅमेऱ्यात मी दिसत होतो, अर्धा डब्यात वाकलेला.

"अंकल, डिब्बे से सामान निकालना मना है. वो कचरा है."

"कचरा नहीं है, चल रही है! रामसेवक से पूछो!"

"चल रही हो या न चल रही हो, गिनती में आ चुकी है. वापस डालनी होगी."

रामसेवकने त्या दिवशीचा शर्ट घाईघाईने इस्त्री करून घेतला आणि इस्त्री गरम असतानाच डब्यात टाकली. बाई म्हणाली, "धन्यवाद! आपने धरती को बचाया!"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबूजी, ये औरत देखती नहीं है क्या?"

*

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी सकाळी ती बाई बिघडली. झाकण न उघडताच, "धन्यवाद! धन्यवाद! धन्यवाद!" थांबायलाच तयार नाही! कंपनीला फोन लावला तर ते म्हणाले, रिपेअर होत नाही, नवीन डबा घ्या, पंधरा दिवस लागतील. श्रीवास्तवजी पळत माझ्या टेबलापाशी आले.

झाकणाच्या स्विचची स्प्रिंग गेली होती. जुन्या बॉलपेनातली बसवली. बाई गप्प!

मी म्हटलं, "अब मेरा टेबल रहने दो."

"देखते हैं अंकल, देखते हैं."

दुसऱ्या दिवशी खाली आलो तर सकाळच्या कचऱ्याच्या गाडीवर माझं टेबल, पाय वर करून! मी ओरडेपर्यंत गाडी गाणं वाजवत वळलीसुद्धा. माझ्याकडे राहिला खिशातला टेस्टर.

अकराला साहेब आले. डबा बघितला, पिशव्या बघितल्या, फॉर्म भरत गेले. मग विचारलं, "सोसाइटी में रिपेयर की कोई व्यवस्था है? इसके दस नंबर हैं."

श्रीवास्तवजींनी मला दंडाला धरून पुढे ओढलं. "है ना सर! यही तो हैं हमारे रिपेयर सेंटर के हेड!"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "टेबल-वेबल कुछ नहीं है?"

"सर, टेबल रिपेयर में गया है!"

माझं डोकं सणकलं. "झूठ बोलता है साहब! कचरे की गाड़ी में गया है, अभी दो घंटे पहले!"

साहेब खो खो हसले. "अंकल मज़ाक अच्छा करते हैं!" आणि दहापैकी दहा दिले.

सोसायटीला ढाल मिळाली. महिन्याभरात साहेबांनी पुन्हा यायचं कबूल केलं, फोटोसाठी. चार दिवसांत ऑनलाइन नवीन टेबल आलं. थर्माकोल, पुठ्ठे, एवढाला प्लास्टिकचा कागद. पांढरंशुभ्र, चकचकीत. वर हिरवा बोर्ड, 'रिपेयर कॉर्नर'. श्रीवास्तवजींनी रिबन माझ्याच हातून कापवली. सुमन टाळ्या वाजवत होती. माझेही डोळे जरा भरून आले, खोटं कशाला बोलू? बाजूला रामसेवक उभा होता, त्याच्या मुलीचा बंद पडलेला टेबलफॅन घेऊन. मी पंखा घेतला, टेबलावर ठेवायला गेलो.

श्रीवास्तवजी मधे आडवे आले.

"अरे अरे अंकल! इस पर नहीं! स्क्रैच पड़ जाएगा!"