उघड्या टोकांची लेई

लाहापा आणि मी आमच्या बेटावरच्या हिलो शहरातल्या एकाच हॉटेलात उभा जन्म चादरी धुतल्या. तिचे हात पार सुजून गेले, माझी कंबर गेली. पण आमच्या गल्लीत लग्न असो, बारसं असो, कुणी बेटावरून परदेशी निघालेलं असो, गळ्यात पडायची ती लेई, म्हणजे आमची फुलांची माळ, लाहापाच्याच अंगणातल्या चाफ्याची. दुसऱ्या कुणी माळ आणली की हिचं नाक मुरडलंच. अशी हेकट बाई होती!

तिची सून हाउनानी दुसऱ्यांदा गरोदर राहिली, आणि नेमक्या त्या चाफ्याच्या वासानंच तिला उलट्या व्हायला लागल्या. लाहापा माझ्या ओसरीवर येऊन बसली, तोंड एवढंसं करून.

"मोमी, मला तुझी ती लोकरीची लेई शिकव."

"का गं? परवापर्यंत तर म्हणत होतीस, लोकर मेंढीच्या अंगावरच शोभते!"

"टोमणे नंतर मार. डोहाळजेवणाला सुनेचा गळा रिकामा ठेवू का मी?"

सोबत नातही होती, नोहेआ, सहा वर्षांची. दोघी एकदमच शिकायला बसल्या. तसं अवघड काही नाही. दोन स्ट्रॉ घ्यायच्या, लांब दोऱ्याची टोकं त्यांतून ओवायची, आणि लोकर या स्ट्रॉवरून त्या स्ट्रॉवर, आठाच्या आकड्यासारखी गुंडाळत जायची. भरत आली की खाली दोऱ्यावर सरकवायची. पण लाहापा इतकी आवळायची की काही केल्या सरकेना.

"अगं, चादर पिळतेयस का? सैल सोड!"

"टूटू, तुझी बघ कशी झालीय," नोहेआ आजीला म्हणाली. "होडी बांधायचा दोर!"

लाहापा इतकी हसली की स्ट्रॉ खाली पडल्या. नोहेआची लेई मात्र छान फुगली. शेवटी दोन्ही टोकांची गाठ मारायची, हे तर तिला फारच आवडलं. मग काय, माझ्या खुर्चीचा पाय टेबलाला बांधला, कुत्र्याचं शेपूट पायरीला बांधायला निघाली.

सुनेसाठी लाहापानं पांढरी-पिवळी लोकर आणली. वासाचा नाही तर रंगाचा तरी चाफा, म्हणाली. चार वेळा उसवली, पाचव्यांदा जमली. टोकं मात्र उघडीच ठेवली. आमच्यात पोटुशीच्या गळ्यात बंद लेई घालत नाहीत. पोटातल्या बाळाच्या गळ्याभोवती नाळ आवळते म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण घालत नाहीत.

डोहाळजेवण झकास झालं. डुक्कर भाजलं होतं, अळूच्या कंदाची पोई होती, काविका, म्हणजे लाहापाचा मुलगा, पुन्हा बाप होणार म्हणून सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होता. जेवणं झाल्यावर हाउनानीला खुर्चीतच डुलकी लागली. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात भांडी पुसत होतो. पाहतो तर नोहेआ आईसमोर उभी, आणि तिच्या छातीवर लोंबणारी दोन्ही टोकं धरून गाठ मारतेय. घट्ट, दुहेरी, जीभ बाहेर काढून. लाहापाच्या हातातली ताटली तशीच राहिली. ती धावली, पण तेवढ्यात तिची थोरली नणंद ओरडली, "अगं बाई! ही लेई कुणी बंद केली? पोटुशी आहे ती!"

सगळे वळून पाहायला लागले. हाउनानी दचकून जागी झाली. नोहेआचा ओठ थरथरायला लागला.

"मी," लाहापा म्हणाली. "घसरत होती म्हणून मीच बांधली. लक्षातच नाही राहिलं."

"अक्कल गहाण टाकलीस का या वयात?" नणंद म्हणाली. सगळे हसले. गाठ सोडली, आणि गोड खायला बसले.

पुढच्या महिन्यात बाळ झालं. मुलगा. मेलेलाच. नाळ गळ्याभोवती होती.

डॉक्टरनं सांगितलं, असं होतं, यात कुणाचाही दोष नसतो. डॉक्टरचं कोण ऐकतंय? हाउनानी सासूकडे बोट दाखवून किंचाळत होती, "तुम्ही बांधलीत! तुम्ही गळा आवळलात माझ्या बाळाचा!" काविका भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्यानं आईकडे एकदाही पाहिलं नाही. लाहापा मान खाली घालून ऐकत राहिली.

मी तिला बाहेर ओढलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "सांगून टाक खरं! का मरतेस?"

"आणि ते त्या पोरीच्या डोक्यावर ठेवू? सहा वर्षांची आहे गं ती. मला म्हातारीला किती दिवस ओढायचंय हे? तिला जन्मभर." माझा हात तिनं इतका घट्ट धरला की दुखला. "मोमी, तुला माझी शपथ."

काविका बायको-मुलीला घेऊन लास वेगासला निघून गेला. तिकडे काम होतं, हे निमित्त. आमचे अर्धे लोक तिकडेच जातात, पण ते फोन तरी करतात. याचा फोन यायचा नाही. लाहापा नोहेआच्या दर वाढदिवसाला लोकरीची एक लेई धाडायची. उत्तर कधी आलं नाही. मी वैतागून म्हणायचे, "कशाला जीव जाळतेस?" तर म्हणायची, "पोर रात्रीची शांत झोपत असेल ना? मग झालं तर."

एवढ्यावर ती बाई जगली. मला नसतं जमलं.

गेल्या वर्षी ती गेली. काविका आला, नोहेआला घेऊन. हाउनानी आली नाही. पोर ताडमाड वाढलीय, नाक थेट आजीचं. शवपेटीपाशी एकेक जण येऊन लेई ठेवत होता. मी घरून करून आणलेली एक नोहेआच्या हातात द्यायला गेले, तर तिनं हात मागे घेतला.

"नको, आंटी. माझा भाऊ हिच्यामुळे गेला."

"असं कोण म्हणतं, बाळा?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी तिथेच होते. मला चांगलं आठवतंय. आई झोपली होती आणि हिनं गाठ मारली. मी पाहिलंय माझ्या डोळ्यांनी."

शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. देवाशपथ आले! मी पेटीतल्या लाहापाकडे पाहिलं. छातीवर तेच सुजलेले हात. 

"बरं, बाळा," मी म्हणाले, आणि लेई मीच ठेवली.