टोपीवाला उतारू

बसच्या खिडकीतून वस्तू टाकून जागा धरण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या किचनर शहरात नाही. (किचनरच्या बसमध्ये निम्म्या जागा रिकाम्याच असतात, पण तो माझा दोष नाही!) कराडच्या स्टँडवर एसटी थांबायच्या आत माझा रुमाल सीटवर पडलेला असायचा. कॅनडात येऊन ही कला नुसती गंजत होती. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात आम्ही अल्बानियाला फिरायला गेलो आणि तिथलं फर्गोन पाहिलं, तेव्हा मला अगदी भरून आलं.

फर्गोन म्हणजे मिनीबस. वेळापत्रक वगैरे भानगड नाही. गाडी भरली की सुटणार!

"मंजिरी, अगं हे तर आपलं वडाप!" मी बायकोला म्हणालो.

"ओरडू नकोस. तिरानाला वेळेवर पोचायचं बघ. उद्या सकाळी फ्लाइट आहे आपली."

सारांडा या समुद्रकाठच्या गावाच्या स्टँडवर तिरानाचं फर्गोन उभं होतं आणि दारात ही गर्दी! मी मागे गेलो, उघड्या खिडकीतून सॅक आत ढकलली. तिच्या शेजारी मंजिरीचं जॅकेट, पलीकडे लेकीची हुडी.

"बाबा, प्लीज! नोबडी डज दॅट!" चौदा वर्षांची रिया तोंड लपवत म्हणाली.

"म्हणून तर जागा आपल्याला मिळते!"

बुकिंग एकदम पक्कं व्हावं म्हणून मी सॅकच्या डोक्यावर माझी टोपीही चढवली.

"बसून घेऊया का आता?" मंजिरीने विचारलं.

"अगं, जागा धरलीय! कोण उठवतंय? चल, कॉफी पिऊ."

समोरच्याच टपरीत बसलो. मी पहिला घोट घेतला आणि फर्गोन हललं.

"बाबा, अवर बस!"

"रिव्हर्स घेत असेल गं."

रिव्हर्स घेता घेता गाडी घाट चढायला लागली!

"पासपोर्ट कुठे आहेत?" मंजिरीने अतिशय शांतपणे विचारलं. (ती शांत झाली की समजावं, आपलं काही खरं नाही.)

"सॅकमध्ये."

कॉफीवाल्याला इंग्रजी येत होतं. त्याने ड्रायव्हरला फोन लावला आणि बोलता बोलता असा हसत सुटला की त्याला डोळे पुसावे लागले.

"तो म्हणतो, गाडी भरली म्हणून सोडली. आरशात मागे तिघं बसलेले दिसले. त्यातला टोपीवाला तर फार सज्जन, एका शब्दाने घाई केली नाही!"

शेवटी त्या भल्या माणसाने दुकान बायकोवर सोपवून स्वतःची मोटार काढली. बर्फातून हायवेवर बिनधास्त गाडी हाकणारा मी, त्या घाटात प्रत्येक वळणाला डोळे मिटत होतो. पासपोर्ट गेले तर विमान गेलं, रजा गेली, आणि घरातली माझी अब्रूही गेली! मंजिरी डोळे मिटत नव्हती. ती माझ्याकडेच बघत होती.

वर एका हॉटेलापाशी फर्गोन आमची वाट बघत थांबलं होतं. आम्ही उतरलो तसे सगळे उतारू टाळ्या वाजवायला लागले. आत सॅक होती तिथेच, टोपीसकट! वळणावर कलंडते म्हणून शेजारच्या आजीबाईंनी तिला सीटबेल्ट लावला होता. पासपोर्ट आत सुखरूप. माझी छाती अभिमानाने फुगली. एवढ्या गर्दीत आमच्या जागेला कोणी बोट लावलं नव्हतं!

"बघितलंस? जागा धरली म्हणजे धरली!"

"हो ना. फक्त बसणारे खाली राहिले," मंजिरी म्हणाली.

परवा किचनरच्या बसमध्ये आम्ही तिघंच होतो. रियाने स्वतःच्या शेजारी सॅक ठेवली, माझ्या डोक्यावरची टोपी काढून तिच्यावर चढवली आणि वर सीटबेल्ट नाही म्हणून हळहळली.

"अगं, मी कुठे बसू?"

"सॉरी बाबा. धिस सीट इज टेकन."

सगळी बस रिकामी होती. पण धरलेल्या जागेचा मान मी नाही राखायचा, तर कोणी? गेलो उभ्याने!