क्लोतिल्देचे बारा शब्द

थापायला घेतलं की क्लोतिल्दे मेन्हीवारचे ओठ हलायला लागत. मक्याच्या पिठाचा गोळा डाव्या तळहातावर, त्यात चीज आणि वाटलेल्या राजम्याचं सारण, मग गोळा बंद करून पुपुसाची जाड भाकरी थापायची, टपटप टपटप. त्या तालावर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणं चालू. पहाटे जाळी ओढून आलेले कोळी तिच्या टपरीपुढच्या बाकावर कॉफी घेत बसत. त्यांना वाटे, बाई माळ जपतेय.

"निन्या क्लोती, आमच्या नावानं पण एक मणी ओढा," म्हातारा एव्हारिस्तो म्हणायचा. त्या किनाऱ्यावर साठीला आलेल्या बाईलाही मानानं 'निन्या'च म्हणत.

"तुमची पापं एका मण्यानं भागणार आहेत होय? अख्खी माळ झिजेल."

सगळे हसत. पण ती माळ नव्हतीच. क्लोतिल्दे तिच्या फोनमधल्या पैशांचे बारा शब्द घोकत होती.

तो नवा पैसा गावात आला तेव्हा तिनं सुरुवातीला हात झटकले होते. लाटांवर फळ्या घेऊन नाचायला येणारे परदेशी फोन पुढे करत आणि ती म्हणे, डॉलर द्या नाहीतर उपाशी जा. तिच्या मयत बहिणीची मुलगी सिओमारा वरच्या रस्त्याला केस कापायचं दुकान चालवायची. त्याच दुकानात बसवून तिनं मावशीचं मन वळवलं.

"मावशी, हा पैसा कुठल्या बँकेत नाही. कोणी तुझं खातं उघडून बघणार नाही, कोणी गोठवणार नाही. हे बारा शब्द ज्याच्याकडे, पैसा त्याचा. फोन समुद्रात पडला तरी नव्या फोनात हे शब्द घातलेस की सगळं परत."

"आणि शब्द दुसऱ्या कोणाला कळले तर?"

"तर तुझं काही राहिलं नाही. म्हणून मी पण बघणार नाही. हे घे, मी तोंड फिरवते."

सिओमारानं खरंच भिंतीकडे तोंड केलं. क्लोतिल्देनं शब्द वाचले, कागदावर उतरवले, दोन दिवस घोकले आणि कागद चुलीत घातला. कागद तिला नकोच असत. ती सोळा-सतराची असताना लढाईच्या दिवसांत शिपाई घराघरांत शिरत, तेव्हा तिच्या आईनं घरातलं लिहिलेलं सगळं जाळलं होतं, बाप्तिस्म्याचा दाखलासुद्धा. पुढे हप्ता मागणाऱ्या पोरांचे दिवस आले. टपरीवर किती गिऱ्हाईकं बसली ते पोरं कोपऱ्यावरून पाहत आणि शनिवारी नेमका आकडा सांगत. तेव्हापासून चार पैसे जास्त मिळाले तरी क्लोतिल्दे फाटकी चप्पल बदलत नसे. मग ती पोरंही एकाएकी दिसेनाशी झाली. कुठे गेली, ते कोणी मोठ्यानं विचारलं नाही. पण कोणीतरी आपल्याकडे पाहतंय ही भावना तिच्या पाठीवर कायमची बसून राहिली होती. या नव्या पैशात ती पहिल्यांदा जरा सैल झाली. आत काय आहे ते फक्त तिला ठाऊक. तिजोरी तोंडात, किल्ली तोंडात.

फक्त विसरायची धास्ती होती. म्हणून रोज पहाटे, गिऱ्हाईक यायच्या आधी, तव्यापाशी एकटी असताना ती बारा शब्द ओळीनं म्हणून घेई. सवयच झाली. पुढे बाकावर कोळी येऊन बसले तरी ओठ थांबत नसत.

एका मंगळवारी सकाळी फोन किणकिणला. कोणीतरी अगदी क्षुल्लक रक्कम पाठवली होती, त्यात पुपुसाचा तुकडाही आला नसता. हल्ली हा पैसा घेणाऱ्या टपऱ्यांचा एक नकाशाच निघाला होता, त्यात तिचाही नंबर होता. जगाच्या पाठीवरून कोणीही पैसे पाठवू शके, सोबत चार ओळी लिहू शके. पाठवणाऱ्याचं नाव मात्र दिसत नसे. त्या रकमेसोबत एकच शब्द होता.

'मधमाशी.'

तिचा पहिला शब्द मधमाशीच होता. योगायोग असेल, असं स्वतःला सांगून तिनं फोन एप्रनच्या खिशात टाकला आणि चूल सारखी केली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला फोन पुन्हा वाजला.

'राख.'

तिच्या हातातला गोळा तसाच राहिला. तव्यावरचा पुपुसा करपून धूर निघायला लागला तेव्हा एव्हारिस्तो ओरडला, "अहो निन्या, आज कोळसा खायला घालताय काय?" तिला ऐकूच गेलं नाही.

गुरुवारी आलं, 'विहीर.'

पुढचे शब्द इथे सांगायचं कारण नाही. ते ओळीनं येत होते एवढं खरं.

भीती तिला नवी नव्हती. पण आजवरच्या प्रत्येक भीतीला तोंड होतं. शिपायाला होतं, कोपऱ्यावरच्या पोराला होतं. दार लावता येत होतं, गयावया करता येत होती. याला ना तोंड, ना मागणं. नुसता एक शब्द यायचा, जणू कोणी तिच्या घरातल्या एकेका खोलीत दिवा लावत आत येत होतं. आणि सांगणार कोणाला? काय झालं ते सांगायचं तर शब्द सांगावे लागणार. जे लपवायचं तेच उघडं केल्याशिवाय मदत मागता येईना.

मग मनात पाल चुकचुकली. शब्द उमटले तेव्हा खोलीत दुसरं माणूस एकच होतं, सिओमारा. तिनं भिंतीकडे तोंड केलं होतं खरं, पण भिंतीवर आरसा होता. न्हाव्याच्या दुकानात आरसा असतोच.

शनिवारी सिओमारा नेहमीसारखी जेवायला आली. क्लोतिल्देनं ताट वाढलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

"मावशी, काय झालं? तोंड का एवढुसं?"

"तुझ्या दुकानाचं भाडं थकलंय म्हणे."

"सगळ्यांचंच थकलंय. त्याचं काय?"

"काही नाही. माणसाला गरज पडली की माणूस काय काय करतं."

सिओमारानं हातातला घास खाली ठेवला. "काय ते सरळ बोल," ती म्हणाली. क्लोतिल्दे चुलीतली लाकडं सारायला लागली. पोरगी उठून गेली, ताट तसंच राहिलं. त्या दिवसापासून ती टपरीवरून जाताना मान वळवेना.

पुढच्या आठवड्यात क्लोतिल्देचा घसा बसला. आवाज फुटेना, घोकणंही बंद झालं. आणि फोनही गप्प झाला. घसा मोकळा झाला, तिनं पहाटे पुन्हा शब्द म्हटले, आणि सूर्य वर यायच्या आत पुढचा शब्द आला.

म्हणजे हा पाहत नाही. हा ऐकतो.

तिनं मागे वळून पाहिलं. काळी वाळू, उलट्या घातलेल्या दोन होड्या, बदामाच्या झाडाखाली झोपलेलं कुत्रं. चिटपाखरू नव्हतं. लांबवर पाण्यावर पेलिकन रांगेनं चालले होते. तिनं टपरीचा पत्रा चाचपला, पिठाचे डबे हलवून पाहिले, संत अंतोनियोच्या तसबिरीमागे बोटं घालून पाहिली. कुठे काही नाही.

दुसऱ्या पहाटे तिनं तव्यापाशी उभं राहून स्वच्छ आवाजात एकच शब्द म्हटला, जो तिच्या बारांत नव्हता.

"लिंबू."

तवा तापला. कॉफीला उकळी आली. फोन वाजला.

'लिंबू.'

ती बाकावर बसली. मग कुठून धीर आला कोण जाणे, रिकाम्या किनाऱ्याकडे तोंड करून ती बोलली, "कोण आहेस तू? काय हवंय तुला माझ्याकडून?"

लाटा येत होत्या, जात होत्या. तिला वाटलं, आता येत नाही काही. तेवढ्यात फोन हातातच थरथरला. भाषा तुटकी होती, परक्या माणसानं यंत्राकडून करून घेतल्यासारखी.

'बोलू नको. हे सांगायलाच शब्द पाठवत होतो. ऐकणारा मी एकटा नाही.'

चूल तशीच टाकून क्लोतिल्दे वरच्या रस्त्याला धावली. सिओमारा दुकानाचं शटर वर करत होती. मावशीला धापा टाकताना पाहून तिचा राग कुठच्या कुठे पळाला. क्लोतिल्देनं तोंडावर बोट ठेवलं, तिला आत ओढलं, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात सगळं सांगितलं. आरशाचं सुद्धा.

"तुला वाटलं, मी?" सिओमारा एवढंच म्हणाली.

"वाटलं. माझ्या मनात आलं ते आलं. मला मार हवं तर."

"मारीन नंतर. आधी फोन दे."

तिनं तिथल्या तिथे मावशीला नवी तिजोरी करून दिली. नवे बारा शब्द उमटायच्या आधी स्वतः आरशावर टॉवेल टाकला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. सगळे पैसे नव्या तिजोरीत हलवले. जुन्या तिजोरीत मात्र तिनं पाच डॉलरएवढे पैसे राहू दिले.

"हे कशाला?"

"तो खरं बोलतो की तुला नुसतं घाबरवतोय, ते कळेल."

दोघी खाली आल्या. सिओमारा टपरीभोवती फिरली, वर पाहू लागली आणि थांबली. टपरीला टेकूनच एक खांब होता, शेजारच्या हॉटेलनं दोन वर्षांपूर्वी उभा केलेला. त्यावरचा कॅमेरा समुद्राकडे रोखलेला. लाट कशी आहे हे फळीवाल्यांना घरबसल्या कळावं म्हणून. तो सगळ्या गावाला माहीत होता. टपरी त्याच्या पायाशी, त्याच्या नजरेबाहेर. म्हणून क्लोतिल्देला त्याची कधी भीती वाटली नव्हती.

सिओमारानं फोनवर त्या कॅमेऱ्याचं पान उघडलं आणि फोन मावशीच्या हातात दिला. पडद्यावर त्यांचाच समुद्र. ती वाळूवर उतरून पाण्यापर्यंत गेली. पडद्यावर मात्र वाळू रिकामीच होती. ती तिकडे हात हलवून परत फिरली, अर्ध्या वाटेवर आली, तेव्हा कुठे पडद्यातली सिओमारा पाण्याकडे चालू लागली. क्लोतिल्दे एकदा खऱ्या पोरीकडे पाही, एकदा मागून येणाऱ्या त्या दुसरीकडे. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता. साडेचारशे माणसं या घडीला हे पाहत होती.

सिओमारानं आवाज मोठा केला. लाटांची गाज आली. आणि गाजेखाली अगदी जवळ, कानाशी कोणी कुजबुजावं तसा, उकळत्या कॉफीचा बुडबुड आवाज.

हॉटेलचा मॅनेजर गाराय नावाचा, डोंगरातल्या गावचा अघळपघळ माणूस. तो म्हणाला, "आवाज? हो तर! अर्धी माणसं लाट बघायला येतच नाहीत. थंडीच्या देशांत लोकांना झोप लागत नाही, ते हा आवाज उशाशी लावून पडतात. कोणी कोणी तर रात्र रात्र साठवून ठेवतं."

"साठवून?" क्लोतिल्देनं विचारलं.

"पुन्हा पुन्हा ऐकायला."

सिओमारानं मावशीकडे पाहिलं. दोघींच्या मनात एकच आलं. एखादा शब्द लाटेखाली बुडत असेल, तर दुसऱ्या दिवशीचा आवाज लावायचा. तिसऱ्या दिवशीचा. किनाऱ्यावर बाई टपटप थापतेय आणि कुठेतरी बंद खोलीत कोणी एकेक शब्द गाळून काढतंय. बाराव्यापर्यंत पोचायला त्याला थोडाच वेळ हवा होता.

गारायनं त्याच दुपारी आवाज बंद केला. पाच डॉलर तिथेच पडून होते. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सिओमारा म्हणायला लागली की कोणी रिकामटेकडा चेष्टा करत होता. मग एका सकाळी तिनं जुनी तिजोरी उघडली तर आत काहीच नव्हतं.

क्लोतिल्देनं ते ऐकलं आणि कितीतरी वेळ पीठ मळत राहिली. पाच डॉलरचं दुःख नव्हतं. तिला सावध करणारा कोण, ते ती कधी जाणणार नव्हती. आणि तिच्या तोंडातून शब्द वेचून घेणारा कोण, तेही नाही. दोघंही तिच्या आवाजावरच झोपले असतील. दोघांनीही तिला एव्हारिस्तोशी थट्टा करताना ऐकलं असेल, खोकताना, मयत नवऱ्याच्या स्मृतिदिनाला एकटीच रडताना.

एक दिवस गाराय टपरीवर आला. "निन्या क्लोती, माझं डोकं खाल्लंय लोकांनी. रोज त्या कॅमेऱ्याच्या पानावर लिहितात, आवाज परत लावा म्हणून. एक जण तर फक्त तुमच्याबद्दल विचारतो. ती पहाटे बोलणारी बाई कुठे गेली म्हणून. बरी आहे ना, म्हणून."

क्लोतिल्देचे हात थांबले. "कसा लिहितो? तुटक तुटक?"

"सगळेच तुटक लिहितात. यंत्राकडून लिहून घेतात."

म्हणजे हा त्या दोघांतला कोणता, ते सांगायला काही मार्ग नव्हता. पानावर एकाला उत्तर द्यायचं तर दुसऱ्यालाही ते पोचणार.

"त्याला लिही," ती म्हणाली, "ती बाई मेली."

"अहो, काय अभद्र बोलता!"

"लिही तू. वाईट वाटायचं ते मला वाटेल."

गारायनं चार वेळा छातीवर क्रुसाची खूण केली, पण सगळ्यांना दिसेल असं पानावर लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून टपरीच्या नव्या नंबरावर पैसे यायला लागले. बारीक बारीक रकमा, कुठकुठल्या भाषांतल्या दोन-दोन ओळी. सिओमारा मावशीशेजारी बाकावर बसून त्या समजावून सांगे. 'तुझ्यामुळे माझी आई शेवटचे महिने शांत झोपली.' 'देव तुला जागा देवो.' 'तुझी प्रार्थना मला कळत नव्हती, पण मी ती पाठ केली होती.'

ही शेवटची ओळ क्लोतिल्देनं सिओमाराकडून पुन्हा वाचून घेतली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, पुरे.

ते पैसे तिला स्वतःकडे ठेववेनात. रविवारी ती चर्चमध्ये गेली आणि पाद्रेला म्हणाली की या पैशांतून एका बाईच्या आत्म्यासाठी प्रार्थना करवायची आहे. पाद्रेनं नाव विचारलं. तिनं आजूबाजूला पाहिलं, वेदीवरच्या काळ्या टोपीच्या माईककडे पाहिलं, पाद्रेचा हात धरून त्याला बाहेर अंगणात नेलं, आणि तिथे त्याच्या कानात आपलंच नाव सांगितलं.