दारव्ह्याच्या वाटेवरची बॅटरी

निघायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने माझ्या हातात एक काळं, जडशीळ नळकांडं ठेवलं. "हा साधा टॉर्च नाही. टॅक्टिकल आहे," तो म्हणाला. एलईडीचा नवाकोरा टॉर्च. तोंडाशी दातेरी कडा, आणि खोक्यावर लिहिलेलं की याच्या झोताने शत्रू काही क्षण आंधळा होतो. मी निघाले होते मैत्रिणीच्या मुलीच्या साक्षगंधाला (साखरपुड्याला), दारव्ह्याला. तिथे शत्रू भेटायची शक्यता कमीच होती. पण तिकडे भारनियमन फार, असं ऐकून होते. टॉर्च पर्समध्ये टाकला आणि त्याच्या वजनाने पुण्यापासूनच एका बाजूला कलून चालू लागले.

दुपारी उशिरा यवतमाळच्या स्टँडवर उतरले. समोरच्या हॉटेलात आलूबोंडा मागवला. त्यावर मालकाने न विचारताच तर्री (तिखटजाळ लाल रस्सा) ओतली. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून धारा. रुमालासाठी पर्समध्ये हात घातला, तेवढ्यात कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि पर्सच्या शिवणींतून पांढरा उजेड बाहेर पडू लागला. काय झालं म्हणून मी आत डोकावले. खोक्यावरचा मजकूर खरा होता. टेबल, बोंडा, मालक, सगळं नाहीसं झालं.

"काय वो मॅडम," मालकाचा आवाज आला, "पर्समधी वेल्डिंग चालू हाय का?"

दिसू लागेपर्यंत दारव्ह्याची बस निघून गेली होती. मग काळीपिवळी जीप शोधली. ड्रायव्हर रफिकभाई, पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी. माणसं कोंबण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मी पुढच्या सीटवर, माझ्यात आणि दारात एक गृहस्थ, त्यांच्या मांडीवर त्यांचीच सुटकेस.

हिवाळ्याचा सूर्य भराभर उतरला. दोन्ही बाजूंना काळी जमीन, त्यात वेचणी झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडं), मधूनच तुरीचे हिरवे पट्टे. कापसाचे भाव पडलेले होते ती वर्षं. खरेदी केंद्र कधी उघडे, कधी बंद, आणि उघडलं की सगळा तालुका एकदम तिथे. जीपमध्ये तीच चर्चा चालली होती. अंधारून आलं, रफिकभाईंनी दिवे लावले, आणि दिवे लगेच गेले.

"फ्यूज गेला वाटते," ते शांतपणे म्हणाले. "कोनाजवळ बॅटरी हाय का?"

इकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. मी आमची बॅटरी काढली. सुटकेसवाल्या गृहस्थांशी जागा बदलून मी खिडकीशी बसले, हात बाहेर काढला आणि जीपचा डावा दिवा झाले. रस्ता दुधासारखा उजळला. मागून वाहवा झाली. मी खूश होऊन पकड बदलली. बटण पुन्हा दाबलं गेलं, झोत मंद झाला. आणखी दाबलं, अगदीच मिणमिणता. आणखी दाबलं, तर तो फडाफडा उघडमीट करू लागला. नेमक्या त्याच क्षणी जीप वळणावरून एका जिनिंगच्या (सरकी काढायच्या कारखान्याच्या) फाटकासमोर आली; खरेदी केंद्र त्याच्याच आवारात होतं. तिथे कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली.

"आले! साहेब आले!" कुणीतरी ओरडलं. गाड्यांखाली पहुडलेली माणसं धोतर सावरत उठली. अशी उघडमीट करत येणारी गाडी सरकारचीच असणार. लोकांनी जीपला गराडा घातला, झोताचा माग काढत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "साहेब नाई, मॅडम हाय!"

मी कोणीही नाही, हे मी परोपरीने सांगितलं. त्यामुळे मी फारच मोठी अधिकारी आहे असं त्यांचं मत झालं. एका आजोबांनी मूठभर कापूस झोतात धरला. "ग्रेडर पिवळा म्हनते याले! पाहा तुमी!" त्या निळसर पांढऱ्या उजेडात तो कापूस बगळ्याच्या पंखासारखा दिसत होता. मग जो तो आपापली मूठ घेऊन आला. सगळ्यांचाच कापूस अव्वल.

एवढ्यात कापसाची प्रत ठरवणारे, कानटोपी घातलेले ग्रेडरसाहेब स्वतःच आले. "मॅडम, या उजेडात माझा शर्टही नवा दिसतो," ते म्हणाले. मी जोरात हसले. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. काही गाड्यांची प्रत दिवसाच ठरली होती, नुसतं वजन राहिलं होतं. पण लाइट गेली, काट्याचे आकडे दिसेनात, म्हणून केंद्र बंद.

"माह्या गाडीचं तं होऊ द्या!" डोक्याला मफलर गुंडाळलेल्या एक बाई पुढे झाल्या. त्यांचं नाव मंजुळाबाई. "परवापासून गाडीखाली झोपून राह्यली मी. बैल जावेचे हाय. उद्या सकाळी तिले बैल नाई भेटले, तं जलमभर आयकवते ते."

जाऊ मलाही आहे. मी म्हणाले, "काट्यावर उजेड मी धरते."

ग्रेडरसाहेबांनी कानटोपी वर सरकवली, जरा विचार केला आणि मान हलवली. प्रत ठरलेल्या गाड्या एकेक करून काट्यावर चढू लागल्या. मी जीपमधून उतरून आवारात गेले आणि काट्याच्या खोलीच्या खिडकीतून आकड्यांवर झोत धरला. थोड्या वेळाने टॉर्च इतका तापला की हातात धरवेना. शेजारच्या ढिगातला कापूस दिसला. मऊ आहे, म्हणून मी तो टॉर्चभोवती गुंडाळला.

"अवो बाई!" चहूबाजूंनी एकच ओरडा झाला. "जिनिंग पेटवता का!"

रफिकभाईंनी झेप घेऊन टॉर्च हिसकावला, कापूस झाडला आणि आपला ओला रुमाल गुंडाळून परत दिला.

मंजुळाबाईंची गाडी शेवटची. भरल्या गाडीचं वजन झालं आणि झोत पिवळट पडू लागला. रिकाम्या गाडीचं वजन अजून बाकी होतं. "बंद करा, बंद करा, वाचवून ठेवा!" मी बंद केला. अंधारात जीपमधले सगळे, सुटकेसवाले गृहस्थसुद्धा, कापूस उतरवायला लागले. मंजुळाबाई दाबून भरलेल्या कापसात उभ्या राहून पायाने ढकलत होत्या आणि सगळ्यांना शिव्या देत होत्या, मायेने. गाडी पुन्हा काट्यावर आली. मी सर्वांत मंद उजेड लावला. ग्रेडरसाहेबांनी नाक काट्याला टेकवलं. कुणी श्वास घेईना. बैलाने तेवढी मान हलवली, घुंगरू वाजले.

"झालं!" साहेब म्हणाले. टॉर्च विझला.

आणि सगळ्या आवारात लाइट आली.

आजोबा हसायला लागले आणि त्यांच्यामागे सगळेच. त्या उजेडात रफिकभाईंनी फ्यूजला तार बांधली. मंजुळाबाईंनी माझ्या पदरात उकडलेल्या तुरीच्या शेंगा ओतल्या. "खा. साहेब नाई तं नाई, कामाच्या हाय तुमी."

साक्षगंधात मी ही हकीगत निदान पाच जणींना सांगितली. दर वेळी झोत थोडा लांब जात होता आणि गाड्या वाढत होत्या. मुलीची आत्या तर म्हणाली, "बाई, तुमी तं केंद्रच चालवलं." मी नाही म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीने परत निघाले. जिनिंग येणार म्हणून खिडकीशी सरसावून बसले. शेजारच्या काकूंना दाखवायचं होतं. फाटक आलं. गाड्या उभ्याच होत्या. फाटकापासून वळणापर्यंत, वळणापलीकडे, बाभळीखाली, पुलावर. बैल सोडलेले, चुली मांडलेल्या, एका गाडीवर कुणाचं धुणं वाळत घातलेलं. त्या संध्याकाळी वाटेत माझा झोत रस्त्याच्या डाव्या कडेलाच होता, म्हणून मला फाटकाजवळची, झोतापुरतीच रांग दिसली होती. तेवढीच आहे, असं मी धरून चालले होते.

बस बराच वेळ गाड्यांच्या कडेने चालली. सांगायला उघडलेलं तोंड मी मिटलं.

"काय पाहून राह्यल्या?" काकूंनी विचारलं.

"रांग. केवढी मोठी आहे."

"हे व्हय?" काकूंनी वाकून बाहेर पाहिलं. "हे मागची हाय, बाई. पुढची तं आत हाय."